तीस सेकंद हाक न मारता

अबिलिओचा कॉम्प्युटर दोन माणसांनी जिन्यावरून खाली आणला, तेव्हा त्याची बायको ओदिला खालच्या मजल्यावर आपल्या बाकापाशी बसलेली होती. मार्चमधला सोमवार होता. नवऱ्याला पुरून तीन दिवस झाले होते. कामावर ये असं तिला कोणी म्हटलं नव्हतं, उलट पंधरा दिवस येऊ नका असा मालकाने निरोप धाडला होता. पण घरी बसून करायचं काय, भिंती मोजायच्या? म्हणून आली. तिच्या खांद्याजवळून तो डबा गेला, मागून पडदा गेला, वायरींचं भेंडोळं गेलं. दारात टेम्पो उभा होता. गावातल्या शाळेला द्यायचं ठरलं होतं. हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं. आणि त्याच वेळी तिच्या पडद्यावर एकेक ओळ उमटत होती. अबिलिओचा कॉम्प्युटर ओ देत होता.

हाक आणि ओ हे त्या दोघांचे शब्द. इंजिनियर लोक त्याला पिंग म्हणतात. एका यंत्राने दुसऱ्याला विचारायचं, आहेस का. दुसऱ्याने सांगायचं, आहे. बस, इतकंच. ओदिलाचं काम राउटर तपासायचं, आणि तपासायला समोर कोणीतरी ओ देणारं लागतं. म्हणून बाकावरच्या एका राउटरमधून वरच्या मजल्यावरच्या नवऱ्याच्या कॉम्प्युटरला दर सेकंदाला हाक मारणारी एक खिडकी तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात उघडी असायची. त्या गुरुवारी जेवणाच्या टेबलावर चमचा हातात असताना अबिलिओ कोसळला, तेव्हाही ती उघडी होती. दवाखाना, चर्च, माती, या धांदलीत ती बंद करायचं कोणाच्या डोक्यात येणार? वरचा कॉम्प्युटर चालू, खालची खिडकी चालू. सोमवारी वरचा गेला, आणि ओ काही थांबला नाही.

तिने छातीवर क्रूस काढला. टेम्पो गल्लीच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत ती दारात उभी राहिली, मग परत येऊन पडद्यासमोर बसली. आहेस का? आहे. आहेस का? आहे. तिने तोंडातून ब्र काढला नाही. काढून सांगणार काय होती? लोक आधीच तिच्याकडे अशा नजरेने बघत होते की जरा जोरात शिंकली तरी खुर्ची आणून देतील.

अबिलिओने त्या राउटरसाठी काय केलं होतं ते ओदिलाला तोंडपाठ होतं, कारण चार वर्षं घरात दुसरा विषयच नव्हता. पेरूच्या वडीवर पांढऱ्या चीजचा तुकडा ठेवायचा, तो तोंडात टाकायच्या आधी हवेत धरायचा, आणि सुरू.

"हे बघ, ऑपरेटिंग सिस्टीम फुकट मिळते, चांगली मिळते, माझी काही तक्रार नाही. पण ती बनवली कुणासाठी? घरी बसून स्वतःची पत्रं वाचणाऱ्या कॉम्प्युटरसाठी. पाकीट आलं की ती दचकून उठते, नोंद करते, नक्कल काढते, चार टेबलांवरून फिरवते, आणि मग विचारते, हे माझं आहे का? आता राउटर म्हणजे कोण? टपालखात्यातला पत्रं वेगळी करणारा माणूस. त्यातलं एकही पत्र त्याचं नाही. त्याने पत्ता बघायचा नि पुढे टाकायचं."

"मग टाकू दे की त्याला," ओदिला म्हणायची.

"टाकू देत नाही ना ती बया. तिचे सोपस्कार होईपर्यंत मागे पाकिटांचा ढीग लागतो."

"ते चीज खा आधी. घाम फुटला त्याला."

श्रीमंत देशांतले लोक अशा वेळी दांडगी चिप बसवून मोकळे होतात. इथे बाहेरून येणाऱ्या चिपवर कर इतका, की दांडगी घेतली तर राउटर दुभत्या गायीच्या भावाने विकावा लागला असता. म्हणून अबिलिओने त्या सिस्टीममधला नेटवर्कचा सगळा भाग मुळासकट उपटला आणि स्वतःचा लिहिला. या तारेवरून पाकीट उचल, पत्ता बघ, त्या तारेवर सोड. तीच मरतुकडी चिप सहापट काम करायला लागली. आमच्या सांता रिता गावात गल्लोगल्ली कोणी ना कोणी सर्किट जोडत बसलेलं असतं, पण असलं धाडस कोणी केलं नव्हतं. मालक एवारिस्तोने बापाची कॉफीची जमीन विकून ही कंपनी काढली होती. ती तरली ती अबिलिओच्या त्या लिखाणावर, हे तो स्वतः दोन घोट पोटात गेले की कबूल करायचा.

आणि एकदा स्वतःचं लिहायला घेतलं की माणसाला स्वतःच्या कल्पनाही सुचतात. डोंगराळ मुलखातले छोटे इंटरनेटवाले टेकडीवरच्या मनोऱ्यावरून रेडिओने घराघरात जोडणी देतात. पाऊस आला, झाडाचं पान हललं, की एखादी हाक हरवते. पडद्यावर घर लाल होतं, आणि बिचारा कामगार शिडी खांद्यावर टाकून टेकडी चढतो, तर सगळं ठीकठाक. अबिलिओने त्यावर तोड काढली. घराला ओ द्यायला उशीर झाला, आणि ते नुकतंच बोललेलं असलं, तर राउटरनेच त्याच्या वतीने ओ द्यायचा. वर्गातलं पोर क्षणभर बाहेर गेलं तर शेजारच्याने हजर म्हणावं, तसं. इंटरनेटवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. तयार सिस्टीममध्ये असलं काही मिळत नव्हतं.

हे सगळं ठाऊक असूनही ओदिलाने मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत त्या ओचा आणि या कल्पनेचा संबंध जोडला नाही. जोडायचा नव्हता म्हणा. ती काही अडाणी बाई नव्हती. तीस वर्षं यंत्रं तपासत आली होती. पण रोज सकाळी बाकावर बसलं, पर्स खाली ठेवली, की कोपऱ्यात तो असायचा. आहे, आहे, आहे. तिला एवढंच पुरत होतं. एप्रिलमध्ये वीज दोनदा गेली, तेव्हा तिने स्वतःच्या पैशाने एक जादा बॅटरी आणून बाकाखाली बसवली. बाकावरच्या त्या राउटरलाही तिचीच जोडणी दिली. कोणी विचारलं तर म्हणाली, काम अडतं.

दोन गोष्टी मात्र तिच्या लक्षात आल्या होत्या. अबिलिओ असताना ओ चटकन यायचा. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातल्या एका-दोन भागांत, कधी तीन. आता नेमका चाळिसाव्या भागाला यायचा. एकोणचाळीस नाही, एकेचाळीस नाही. कोणीतरी लांबून, जरा थांबून बोलतंय असं तिला वाटायचं. आणि दुसरी गोष्ट तर तिने स्वतःच करून बघितली होती. हाकेच्या पाकिटात थोडी अक्षरं घालता येतात. जूनमधल्या एका दुपारी आजूबाजूला कोणी नाही असं बघून तिने शेजारी दुसरी खिडकी उघडली आणि हाकेत लिहिलं, कॉफी घेतलीस? ओ आला. त्यातही लिहिलेलं होतं, कॉफी घेतलीस?

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तसं ते व्हायचंच असतं. ओ देणाऱ्याने हाकेतलं सगळं जसंच्या तसं परत पाठवायचं हा नियमच आहे. तिला तो नियम माहीत होता. तरी त्यानंतर ती रोज काहीबाही लिहायला लागली. बहिणीच्या पोराचं लग्न ठरलं. छपराची कौलं बदलली. गुडघा दुखतो. सगळं परत यायचं, चाळिसाव्या भागाला, तिचंच तिच्याकडे. त्याने स्वतःचा एक शब्दही कधी घातला नाही. कधीतरी घालेल, अशी एक वेडी आशा तिच्या पोटात होती, आणि ती आशा तिला सुखाने जेवू देत नव्हती.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी दुपारी तीनला, पेद्रा मान्साहून फोन आला. तीन म्हणजे कॉफीची वेळ. त्या वेळी कंपनीत कोणी काम करत नाही. कापडी गाळण्यातून उतरलेली गोड काळी कॉफी, चीजचे छोटे गरम पाव, आणि गप्पा. पुढच्या आठवड्यात मृतांचा दिवस होता, त्यामुळे बायकांत कबरींवर वाहायला शेवंतीची फुलं कोण कुठून आणणार ते चाललं होतं. एवारिस्तोने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडे वांदेर्ले होता, पेद्रा मान्साचा इंटरनेटवाला, जुनं गिऱ्हाईक आणि जुना तोंडाळ, मालकाला मात्र आदराने सेउ म्हणणारा.

"सेउ एवारिस्तो, तुमचा राउटर भुताखेतांशी बोलतो हो."

"बिल भरलं नाही की तुझ्याकडे भुतं येतातच, वांदेर्ले."

"थट्टा नको. ऐका जरा." त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "आमच्या वरच्या अंगाला खाणीचं धरण आहे ना, गाळाचं? त्याच्याखाली ओढ्याच्या काठाने अकरा वस्त्या. प्रत्येक वस्तीत खांबावर भोंगा. धरणाला काही झालं तर वाजायचा. त्या भोंग्यांची लाइन माझी. खाणीच्या देखरेखीच्या खोलीतून दर पाच सेकंदांनी विचारतात, आहेस का. सगळे आहे म्हणतात. बरं? काल एक गुराखी मला म्हणतो, खांबावरच्या पेटीत पोपटांनी घरटं केलंय. मी वर चढलो. पेटी उघडी. आत भोंगा नाही, बॅटरी नाही, तांब्याची तारसुद्धा नाही. चोरांनी जुलैतच नेलंय म्हणे."

"मग?"

"मग काय, मग? मी वर खांबाला मिठी मारून बसलोय आणि खालून माझा माणूस फोनवर सांगतोय, भोंगा हजर आहे, आत्ताच बोलला. तो माणूस आता कामावर येत नाही. म्हणतो मृतांचा दिवस होऊ दे, मग बघू."

टेबलाशी कोणी हसलं नाही. "कधी वाजवून बघत नाही का?" असं विचारलं ते जानाइनाने. ती सत्तावीस वर्षांची, अबिलिओच्या जागी घेतलेली इंजिनियर.

"पूर्वी महिन्याला वाजवायचे. म्हातारी माणसं घाबरून चिखलात पडायला लागली, तेव्हा खाणीने ते बंद केलं. आता नुसतं विचारतात."

ओदिलाच्या हातातला कप तसाच राहिला. तिला एकदम सगळं समजलं असं नाही. पण एक गोष्ट तिला नीट माहीत होती. तिच्या बाकावर, त्याच क्षणी, असाच एक रिकामा खांब बोलत होता.

एवारिस्तो म्हणाला, पत्त्यांचा काहीतरी घोळ असेल, दोन यंत्रांना एकच पत्ता लागला असेल. मग ओदिलाकडे वळून म्हणाला, "दोना ओदिला, तुमची ती गैरहजेरीची चाचणी परत एकदा करा पाहू. तुम्ही केलीत की माझ्या जिवाला स्वस्थता."

तिने केली. समोरचं यंत्र नसताना राउटर गप्प बसतो की नाही, एवढंच त्यात बघायचं. एका नव्या राउटरला जोडलेल्या यंत्राची तार काढली, त्याच्या हाकेची खिडकी बंद केली, कॉफी संपवली, पंधरा मिनिटांनी हाक मारून बघितली. ओ नाही. जसा असायला हवा तसा. तिने कागदावर पास लिहून सही केली. गेल्या पंधरा वर्षांत अशा किती कागदांवर तिची सही होती, देव जाणे. कोपऱ्यातल्या खिडकीबद्दल तिने मूग गिळले.

त्या रात्रीचं जाऊ द्या. झोप आली नाही एवढंच. दुसऱ्या दिवशीही ती गप्प राहिली. मान खाली घालून राउटर तपासत राहिली आणि दर थोड्या वेळाने कोपऱ्यात बघत राहिली. आहे, आहे. शेजारच्या टेबलावर जानाइना अबिलिओचं लिखाण वाचत डोकं धरून बसली होती.

"दोना ओदिला, रागावू नका, पण तुमच्या यजमानांनी लिखाणातल्या तुकड्यांना गायींची नावं का दिलीत? मिमोझा, एस्त्रेला, बोनिता. मला कोण काय करतं काही कळत नाही."

"बापाच्या गोठ्यातल्या आहेत. सगळ्यांत जास्त दूध देणारी मिमोझा."

"इथे ती घड्याळासारखं काहीतरी करते." जानाइनाने डोळे चोळले. "मला हेच समजत नाही. सहापट वेग मिळाला, कबूल. पण जगभर वापरतात ते तयार लिखाण हजारो लोक रोज वाचतात. कुठे खोट असली तर कोणीतरी ओरडतं. हे किती जणांनी वाचलंय?"

"त्याने."

"आणि?"

"आणि मी तपासलंय," ओदिला म्हणाली.

बुधवारी वांदेर्लेचा पुन्हा फोन आला. आणखी एक खांब निघाला होता, वीज पडून जळालेला, सहज एखादं वर्ष झालं असेल. तोही पडद्यावर हजर. रविवारपासून जोराचा पाऊस सांगितला होता. सगळ्या खांबांवर माणूस चढवायला त्याला आठवडा लागला असता, कारण शिडी एक आणि चढणारा आता तो एकटाच. एवारिस्तोने त्याला धीर दिला आणि फोन ठेवल्यावर या दोघींना म्हणाला, "मृतांच्या दिवसाची सुट्टी होईपर्यंत बाहेर कुठे बोलू नका. नक्की काय ते कळू दे आधी. उगाच अबिलिओचं नाव खराब व्हायचं." तो बोलला ते कंपनीच्या काळजीने की अबिलिओच्या मायेने, कोण सांगणार. दोन्ही असेल. तो आपल्या खोलीत गेला.

ओदिला बाकावर येऊन बसली. कोपऱ्यातली ओळ वर सरकत होती. तिने विचार केला, मी अजून एक दिवस गप्प राहिले तर? एकच दिवस. आणि लगेच तिला स्वतःची इतकी घाण वाटली की ती उभीच राहिली.

"जानाइना, इकडे ये."

पोरगी आली.

"ही खिडकी कुणाला हाक मारते, बघ."

जानाइनाने पत्ता बघितला. "हा तर वरच्या मजल्यावरचा. यजमानांचा. पण तो कॉम्प्युटर..."

"शाळेत आहे. मार्चपासून. पुसून, नवा पत्ता लावून. पोरं त्यावर चित्रं काढतात." ओदिलाचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं... काय वाटलं ते विचारू नकोस. मी ही बंद केली नाही. सात महिने."

जानाइना हसली नाही, आणि त्याबद्दल ओदिलाने तिला मनोमन आशीर्वाद दिला. ती ओळींकडे बघत होती.

"चाळीस. कायम चाळीसच?"

"तो गेल्यापासून. आधी एक, दोन."

जानाइना धावतच आपल्या टेबलाशी गेली आणि लिखाणात चाळीसचा आकडा शोधायला लागली. सापडला तो एस्त्रेलाच्या पोटात. मग तिथून मिमोझा. तिने खुर्ची ओढून ओदिलाला शेजारी बसवलं आणि बोट ठेवून दाखवलं.

"बघा. घराने चाळीस भागांत ओ दिला नाही, तर राउटर त्याच्या वतीने देतो. पण घर शेवटचं बोलल्याला तीस सेकंद उलटली असतील तर द्यायचा नाही, गप्प बसायचं. हे बरोबर लिहिलंय. ती तीस सेकंदं मोजते मिमोझा. आणि मिमोझा शून्यावर कधी येते? कुठलाही ओ बाहेर गेला की. घराचा असो, नाहीतर राउटरने स्वतः दिलेला असो. तो स्वतःचाच आवाज ऐकतो आणि समजतो, घर बोललं."

"म्हणजे कधी थांबायचंच नाही?"

"थांबेल की. तीस सेकंद कुणी हाकच मारली नाही, तर थांबेल. मारत राहिलं तर मात्र जन्मभर ओ देईल." जानाइना गोंधळली. "पण मग हे तुमच्या चाचणीत कसं सुटलं? कागदावर लिहिलंय, तार काढा आणि पाच मिनिटं सतत हाक मारत राहा."

ओदिलाने दोन्ही हात मांडीवर ठेवले. हेच सांगायचं होतं, आणि हेच सांगणं सगळ्यांत कठीण होतं.

"मी ती चाचणी तीनला घ्यायची. तार काढायची आणि कॉफीला जायची. पाच मिनिटं काय बघत बसायचं, म्हणून. आणि उठताना हाकेची खिडकी बंद करायची. अबिलिओची सवय. तो म्हणायचा, कॉफीच्या वेळी कुणाला हाका मारू नयेत, यंत्रालासुद्धा. सगळ्यांनाच इथे ती सवय आहे. परत आले की विचारायची. तोवर ते गप्प झालेलं असायचं. पास."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक राउटर. पंधरा वर्षं."

जानाइना म्हणाली, "मला नुसतं लिखाण वाचून खात्री देता येणार नाही. करून बघायला हवं. मी दुसरा राउटर मांडते, दुसरा कॉम्प्युटर. हे असंच राहू दे, दोना ओदिला. हे बंद करायची गरज नाही."

तिच्या चांगुलपणाने ओदिलाला भरून आलं. पण तो दुसरा राउटर मांडायला दीडेक तास गेला असता. आणि वेळेचं सोडा. सात महिने जे ती धरून बसली होती ते काय आहे, हे तिला आता दुसऱ्याच्या यंत्रावर बघायचं नव्हतं. "नको," ती म्हणाली. "हेच कर. मी करते."

ती आपल्या बाकाशी गेली. दुसरी खिडकी उघडली, आणि हाकेत लिहिलं: अबिलिओ, मी आता हाक मारायची थांबते.

चाळिसाव्या भागाला ओ आला. अबिलिओ, मी आता हाक मारायची थांबते.

तिने दोन्ही खिडक्या बंद केल्या.

कोपरा रिकामा झाला. जानाइना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी होती. तीस सेकंद म्हणजे काय, एरवी कप विसळायलाही पुरत नाहीत. दहा झाली, तेव्हा ओदिलाचा हात आपोआप कळफलकाकडे गेला, आणि तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. आत्ता, अजून, एक हाक मारली असती तर तो होता. वीस झाली. तिला त्याचा चेहरा आठवेना. आठवला तो चमचा. पंचवीस. तिने डोळे मिटले. आधी ती देवाला म्हणत होती, ओ येऊ दे. मग पेद्रा मान्साच्या वस्त्या आठवल्या आणि म्हणाली, नको येऊ दे. आणि मग तिला कळेना आपण काय मागतोय.

"तीस," जानाइना म्हणाली. सावधपणे आणखी दहा मोजली. "आता विचारा."

ओदिलाने विचारलं. आहेस का?

काही आलं नाही. पुन्हा विचारलं. काही नाही. पडद्यावर लिहून आलं की त्या पत्त्यावर कोणी नाही. ती त्या ओळीकडे बघत राहिली, आणि मार्चमध्ये कबरीपाशी जे आलं नव्हतं ते आता तिच्या तोंडातून बाहेर आलं, लांब, जनावरासारखं. जानाइनाने तिचे खांदे धरले. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली.

रडणं ओसरलं तेव्हा तिने ओढणीसारखा गळ्यातला रुमाल काढून नाक पुसलं आणि फोन हातात घेतला.

"सेउ एवारिस्तोंना विचारायला हवं ना आधी?" जानाइना म्हणाली. "ते म्हणाले होते..."

"विचार जा. मी तोवर लावते."

वांदेर्लेने पहिल्याच घंटेला उचलला. तिने त्याला सरळ सांगितलं: खाणीच्या खोलीतल्या लोकांना म्हणावं, एक मिनिट कुठल्याच भोंग्याला हाक मारू नका. एक मिनिट पूर्ण. मग एकदाच विचारा आणि कोण बोलतं ते मला सांगा. वांदेर्लेने का म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या फोनवर तो कोणाशी तरी हुज्जत घालताना ऐकू येत होता. ते लोक म्हणत होते, नियमात बसत नाही. तो त्यांच्या आईबापांचा उद्धार करत होता. मग शांत झालं. एवारिस्तो जिन्यात येऊन उभा राहिला होता. त्याने ओदिलाचा चेहरा बघितला आणि तिथेच पायरीवर बसला.

"दोना ओदिला," वांदेर्ले म्हणाला. "तीन."

"तीन बंद?"

"तीन चालू. अकरात तीन."

आठ खांब. कधीपासून, ते कोणालाच कधी सांगता येणार नव्हतं. अबिलिओवर ती बत्तीस वर्षांत किती वेळा रागावली होती, पण असा राग कधी आला नव्हता, आणि त्यातला अर्धा स्वतःवरचा होता.

"ज्याने हे बनवलं त्याच्याशी मला बोलायचंय," वांदेर्ले म्हणाला. तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. "द्या त्याला फोन."

एवारिस्तो पायरीवरून उठला आणि त्याने हात पुढे केला. ओदिलाने फोन दिला नाही.

"तो मेला," ती म्हणाली. "मार्चमध्ये मेला. मी त्याची बायको. तपासलं मी, पास मी केलं, सही माझी आहे. काय विचारायचं ते मला विचारा."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. लाइन तुटली की काय कळेना. हॅलो, आहात का, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने विचारलं नाही, फोन कानाशी धरून नुसती थांबली.

"लिहून घ्या," वांदेर्ले शेवटी म्हणाला. "आठही वस्त्यांत आजच माणूस धाडतो, मोटरसायकलने. धरणाखालची घरं रिकामी करायला लावतो. पण माझं कोण ऐकणार? तुमच्या कंपनीने प्रत्येक घरी फोन करून सांगायचं, की भोंगा मेलेला आहे, वाट बघू नका. नंबर देतो. पहिली वस्ती, सत्तावीस घरं."

ओदिलाने चाचणीचा कोरा कागद ओढला आणि उलटा करून लिहायला घेतलं.